न गंजणारं रक्त

किण. मग थोडं थांबून पुन्हा किण, किण. स्वयंपाकघरात कुणीतरी पेल्यात चमचा फिरवत होतं, आणि फिरवणारा हात आवाज होऊ नये म्हणून जपत होता. जपत होता म्हणूनच तो आवाज तिच्या कानात शिरला. सुट्टीची दुपार होती. बिट्टी तिच्या कुशीत गाल चेपून, तोंड उघडं टाकून झोपली होती. नवरा बाहेरच्या खोलीत पोटावर वर्तमानपत्र घेऊन आडवा झाला होता. अशा वेळी घरात फक्त सासूबाई जाग्या असत आणि सुनेसाठी दूध गरम करत. सून दिवसभर उभ्याने काम करते, तिच्या हाडांना काही मिळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. पण ती दूध बिनसाखरेचं घ्यायची. लग्न झाल्यापासून, त्याच्याही आधीपासून. साखर नाही तर मग चमचा कशाला? एवढंच. एवढ्याशा प्रश्नाने ती उठून बसली नाही. होती तशीच डोळे मिटून पडून राहिली, पण अंगातली झोप कुणी सांडशीने उचलून बाजूला ठेवावी तशी निघून गेली होती, आणि कान स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसले होते.

"झोपलीयस का गं?" सासूबाई दारातूनच हळू आवाजात म्हणाल्या.

"नाही आई."

"मग घे. गरम आहे तोवर पी. सगळं पी हं, तळाचं टाकू नकोस."

पेला स्टुलावर ठेवून त्या दोन पावलं मागे सरकल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. हे मागे सरकणंही अलीकडचंच. पूर्वी त्या पलंगाच्या कडेला टेकत, बिट्टीच्या केसांतून हात फिरवत, शेजारणीचं काहीबाही सांगत. आता बोलणं सगळं दारातून. तिने पेला नाकाशी नेला. कसलाच वास आला नाही. बरेच दिवस तिला कशाचाच नीट वास येत नव्हता आणि जिभेवर कायम एक नाणं ठेवल्यासारखी चव असायची. सर्दी मुरली असेल असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. "पिते, तुम्ही पडा जरा," असं तिने म्हटलं आणि सासूबाईंची पावलं लांब गेल्यावर न्हाणीघरात जाऊन दूध मोरीत ओतलं. पांढरी धार जाळीत गोल फिरून नाहीशी झाली. पेल्याच्या तळाशी बारीक, भुरकट, किंचित हिरवट असा गाळ राहिला होता. तिने घाबरून नळ सोडला, बोटाने तो धुऊन टाकला, आणि धुऊन टाकल्यावर तिला कळलं की जी एकच गोष्ट हातात धरता आली असती तीच आपण वाहवून दिली.

खरं तर मनात पाल चुकचुकली होती ती त्याआधीच, प्रयोगशाळेत. तिचं काम रक्ताचं होतं. खालच्या मजल्यावरची माणसं सेलेनियम घातलेली नवी नवी संयुगं तयार करत, आणि वरच्या मजल्यावर ती आणि काडी मिळून ती संयुगं माणसाच्या रक्तावर पारखत. काडी म्हणजे तिची जोडीदारीण. बांध्यावरून नाव पडलं आणि तिने स्वतःच ते दारावर चिकटवून टाकलं. काम सांगायला सोपं होतं. लोखंडाला हवा लागून गंज चढतो तसाच रक्तालाही चढतो. तांबड्या पेशीचं नाजूक कातडं झिजतं, फाटतं आणि आतला रंग बाहेर सांडतो. शरीराजवळ याच्यावर स्वतःचा बंदोबस्त असतो. रक्तात एक राखणदार असतो आणि त्या राखणदाराच्या हातातलं हत्यार म्हणजे चिमटीतही न सापडणारं इवलंसं सेलेनियम. तसलाच राखणदार बाहेरून बनवून देता येतो का, हे बघायचं होतं. रक्त ताजं लागे, म्हणून माणसं आपसांत नंबर लावून देत. धुतलेल्या पेशी नळ्यांमध्ये घालायच्या, सगळ्या नळ्यांत गंज चढवणारं पेरॉक्साइड टाकायचं, एकेकीत एकेक संयुग, आणि एक नळी कंट्रोलची, तिच्यात औषध काहीच नाही. मग यंत्रात गरगर फिरवायचं. ज्या पेशी वाचल्या त्या तळाशी बसतात आणि वर स्वच्छ पाणी राहतं. ज्या फुटल्या त्यांचं वरचं पाणी लाल होतं. कंट्रोलची नळी लाल व्हायलाच हवी. ती लाल झाली नाही तर बाकीच्या नळ्यांना अर्थच राहत नाही. तिच्या रक्ताची कंट्रोलची नळी लाल झाली नव्हती.

"अगं, हे काय? तुझं रक्त गंजतच नाही!" काडीने नळी उजेडात धरून म्हटलं होतं. "स्टेनलेस स्टीलची आहेस की काय? सासूने पारखून घेतलेली दिसते, भांड्यासारखी."

दोघी हसल्या होत्या. पुन्हा नव्याने केलं, तरी वर पाणीच. जरासं गुलाबी, लाज वाटल्यासारखं, पण पाणी. मग मोठ्या बाई आल्या. विभाग त्यांचा. नळी बघून त्या हसल्या नाहीत. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "काही गोळ्या घेतेस का? ताकदीच्या वगैरे?"

"नाही बाई."

"आपल्या बाटल्यांमधलं काही?"

प्रश्न किती साधा, पण त्यात तिला चोर ठरवून मोकळं झालेलं होतं. तिच्या तोंडून 'नाही' निघालं तेही खोट्यासारखं निघालं. त्या दिवसापासून बाटल्यांच्या कपाटाची किल्ली मोठ्या बाई स्वतःच्या गळ्यात घालू लागल्या. आणि ती मात्र बसमध्ये खिडकीच्या काचेला कपाळ टेकून एकच गोष्ट घोळवत राहिली. मी घेत नाही. माझ्या रक्तात तर आहे. म्हणजे कुणीतरी देतंय.

देता येतं. हे तिला इतरांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिच्या माहेरी हे झालेलं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचे वडील पीत. कुणीतरी तिच्या आईला एक पूड आणून दिली, चहात कालवा, कळणारसुद्धा नाही, दारूची शिसारी बसेल. आई रोज सकाळी पाठमोरी उभी राहून चहा ढवळायची, आणि तिला, चिमुरडीला, दारात बघितलं की ओठांवर बोट ठेवायची. चमच्याचा तोच जपून केलेला आवाज. वडिलांना उलट्या झाल्या, ते वाळले, आणि खरंच त्यांची दारू सुटली. घर सावरलं. सगळे आईला म्हणाले, बाई गं, सोनं केलंस संसाराचं. पण त्यानंतर वडील ताटावर बसले की आधी वाकून अन्नाचा वास घ्यायचे. रागाने नाही, कुणाला दाखवायलाही नाही. सवय लागली होती, कुत्र्यामांजराला असते तशी. मरेपर्यंत ते असे वाकत राहिले, आणि आई प्रत्येक वेळी खिडकीबाहेर बघत राहिली. घरात प्रेमानेसुद्धा काय काय कालवता येतं, हे त्या वाकलेल्या मानेकडे बघत ती शिकली होती.

आणि सासूबाई म्हणजे तरुणपणी औषधांच्या दुकानात काउंटरला उभ्या राहिलेल्या. कुठल्या कागदात कुठली पूड बांधायची हे त्यांचे हात विसरले नव्हते. अजूनही त्या जिरंसुद्धा अशा घडीत बांधत की कागद उलटा केला तरी सांडू नये. मागे कधीतरी जेवताना तिनेच हौसेने सांगितलं होतं, आमचं सेलेनियम असं, ते रक्त कसं राखतं, चंद्रावरून कसं त्याचं नाव पडलं. नवरा ताटात बघत हूं हूं करत होता, पण सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला होता. "बाळंतपणात चांगलं का गं ते? अंगात ताकद राहत असेल." ती म्हणाली होती, "थोडं चांगलं आई. जास्त झालं तर विषच." हे जास्तीचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं की नाही? कारण त्यानंतरच्या बोलण्यात एकच धागा होता: बिट्टी एकटी पडते, बिट्टीला भावंड हवं, वय काय थांबतं का कुणासाठी. कधी हट्ट नाही, कधी आवाज चढलेला नाही. गोगलगाय आणि पोटात पाय. आता ती एकेक पाय मोजू लागली. तिचा पेला वेगळा ठेवतात. ती खोलीत आली की खिडकी उघडतात. ती बोलायला लागली की पदर तोंडाशी जातो, जणू हसू लपवायचं आहे. केस विंचरले की फणीत झुबका येतो आणि सासूबाई म्हणतात, "अंगात काही नाही गं तुझ्या." काही नाही, की फार आहे?

नवऱ्याचंही काही वेगळं नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरींमध्ये दोराला लटकून यायचा आणि घरी आला की मोठमोठ्याने बोलायचा. सगळी कुजबुज विहिरीत सोडून आलोय, असं म्हणायचा. तोच माणूस आता आईशी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होता, आणि ती उंबऱ्याशी आली की दोघंही एकदम गप्प. एकदा शेवटचं वाक्य कानावर आलं: "मी नाही सांगणार बाबा, तूच सांग," आणि त्यावर सासूबाईंचं, "माझ्या तोंडून? घर डोक्यावर घेईल ती." सोफ्यावर ती शेजारी बसली की तो बोलता बोलता मान वळवायचा, सकाळी निघताना पूर्वी तोंडाजवळ तोंड आणायचा, आता कपाळावर ओठ टेकवले न टेकवले की जिन्यात. तिने विचारलं, "काय झालंय तुला?" तो म्हणाला, "मला? काही नाही. तुला बरं वाटतंय ना?" बरं वाटतंय ना! चोराच्या मनात चांदणं. चंद्रावरून नाव पडलेल्या त्या मूलद्रव्याची तिला तेव्हा आठवण झाली, आणि घरातल्या दिव्याच्या उजेडातही तिला सगळ्यांचे चेहरे तसे फिकट, राखाडी दिसायला लागले. तिने दूध प्यायचं सोडलं. मोरी रोज दूध प्यायची. आता तळाशी गाळही नसायचा. दूध गाळून येत होतं. म्हणजे त्यांनाही कळलं होतं की हिला कळलंय.

एवढ्यावर थांबलं असतं तर तिने आपल्या जिवापुरतं निभावून नेलं असतं. पण शाळेच्या फाटकाशी एक गोष्ट घडली. ती बिट्टीच्या बुटाचा बंद बांधायला वाकली होती, वर्गाच्या बाईही बिट्टीची टोपी सरळ करायला वाकल्या, तिघींची डोकी जवळ आली, आणि ती बाईंना म्हणाली, "आज जरा खोकतेय हो, लक्ष ठेवा." बाई चटकन मागे झाल्या आणि हसत बिट्टीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "आज लसूण जास्त झालाय वाटतं!" बिट्टीच्या डब्यात लसूण नव्हता. घरातच नव्हता, सासूबाईंना सोसत नाही म्हणून. फाटक बंद झालं तरी ती तिथेच उभी राहिली. कामावर रुजू झाली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या रसायनवाल्याने सगळ्या नव्या माणसांना उभं करून सांगितलं होतं: सेलेनियम पोटात गेलं की श्वासाला लसणासारखा वास येतो, तेवढं ध्यानात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल. तेवढंच तिच्या ध्यानात राहिलं होतं. म्हणजे माझ्यावर थांबले नाहीत. माझ्या पोरीलासुद्धा.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, "मी बिट्टीला घेऊन ताईकडे जाणार आहे. परत कधी ते माहीत नाही." तो हातातला पाना तसाच धरून बघत राहिला. "का?" "ते तुझ्या आईला विचार." स्वयंपाकघरातला नळ एकदम बंद झाला. पण जायच्या आधी तिला खात्री हवी होती, पुरावा हवा होता, आणि पुरावा काढायची तिची रीत एकच होती.

न्हाणीघराची कडी लावून तिने बिट्टीला पाटावर बसवलं. सुई तिने कामावरून आणली होती, टाचणीच्या टोकाएवढी, आणि केसासारखी बारीक काचेची नळी. बिट्टीचं बोट कोमट पाण्यात धरून चोळलं. किती छोटं बोट. नखाखाली खडूचा निळा रंग. "आपण एक गंमत करणार आहोत," ती म्हणाली. "आपल्या बोटात ना, एक लाल मणी लपलाय. तो बघायचा." बिट्टीने डोळे मोठे केले. सुई लागली तेव्हा ती ओरडली नाही, फक्त आईच्या तोंडाकडे बघितलं, हे खरंच तूच केलंस ना, अशा नजरेने, आणि मग खालचा ओठ थरथरायला लागला. मणी आला, गोल, गडद. नळीने तो आपोआप ओढून घेतला. "झालं, झालं माझी राणी," म्हणत तिने ते बोट स्वतःच्या तोंडात घेतलं, आणि त्या नाण्याच्या चवीत तिला रक्ताची चव वेगळी काढता आली नाही. "आजीला सांगायचं नाही हं," ती बिट्टीच्या कानाशी म्हणाली. "बाबांनासुद्धा नाही. आपली दोघींची गंमत." बिट्टीने मान हलवली. नंतर झोपेपर्यंत ते बोट मुठीत झाकून ती घरभर फिरत राहिली, आणि आजीने दूध पुढे केलं तेव्हा आईकडे बघून म्हणाली, "नको."

रात्रभर फ्रिजमध्ये जपलेला तो थेंब दुसऱ्या दिवशी सकाळी तिने, औषध काहीच न घालता, इतर नळ्यांच्या रांगेत सारून दिला. यंत्र गरगरत असताना ती समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत उभी होती आणि मनात आडाखे बांधत होती. वर पाणी आलं तर सरळ शाळेत जायचं, बिट्टीला उचलायचं, घरी पाऊलसुद्धा ठेवायचं नाही. सासूबाईंचं तोंडही बघायचं नाही. आणि त्याचं? त्याचं काय करायचं, हे तिला ठरवता येईना. विहिरीतल्या अंधारातून वर येऊन मोठ्याने हसणारा तो माणूस तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. यंत्र थांबलं. तिने नळी उचलली. वरचं पाणी लाल होतं. सुरेख, भरगच्च, सगळ्या निरोगी माणसांचं होतं तसं लाल. बिट्टीच्या पेशी फुटायला हव्या तशा फुटल्या होत्या. पोरीला कुणी काही दिलेलं नव्हतं. ती स्टुलावर बसली, आणि आनंद व्हायच्या आधीच दुसरा संशय उठून उभा राहिला. मग वास कुठून आला?

"कुणाचं गं हे एवढंसं?" काडीने मागून विचारलं.

"माझ्या मुलीचं."

काडीने नळी तिच्या हातातून काढून घेतली. "तू पोरीला टोचलंस?"

मग ती बोलायला लागली आणि थांबेचना. चमचा, गाळ, गाळून आलेलं दूध, शाळेतल्या बाई, सासूबाईंचा पदर. बोलता बोलता ती काडीच्या जवळ सरकत गेली आणि काडी मागे मागे होत टेबलाला टेकली. मग काडीने सरळ तळहात वर केला. "थांब. जरा थांब. आता बोलतेच. रागावू नकोस. अगं, वास तुला येतो."

"मला वास येत नाही, सर्दी आहे."

"तसं नाही गं बाई! तुझ्या तोंडाला येतो. लसणाचा. किती दिवस झाले. आम्हाला वाटलं, तू सकाळी कच्चा लसूण खातेस. पथ्य असेल एखादं. आता कुणाच्या पथ्याला का नावं ठेवायची, म्हणून गप्प बसले. रक्त काढताना मी श्वास धरून काढते तुझं." तिने कपाळावर हात मारला. "आणि मी सेलेनियमच्या नळ्या धुते दिवसभर! माझ्यासारखी शहाणी मीच!"

मोठ्या बाई आल्या. यावेळी त्यांनी तिला चोरासारखं विचारलं नाही, तराजूपाशी नेलं. "वजन कसं करतेस ते दाखव." तिने हात सवयीने वर नेला आणि हवा ओढून घेणाऱ्या धुराड्याचा पंखा बंद केला. पंखा चालू असला की तराजूचा आकडा शेवटच्या घरात नाचत राहतो, स्थिर होत नाही. तिची वजनं सगळ्यांत अचूक, असं मोठ्या बाईंनीच चारचौघांत म्हटलं होतं, आणि तेव्हापासून तर ती पंखा न चुकता बंद करायची, नाक पार तराजूच्या काचेशी नेऊन. पिठासारखी हलकी भुकटी. चमच्यातून खाली पडताना तिचा जो धूर उठे तो तिला किती आवडायचा. मोठ्या बाईंनी पंखा चालू केला. मग गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टरांकडे जा. आजच. भुकटीला आता हात लावायचा नाही. उतरेल हळूहळू, घाबरू नकोस." आणि दारातून वळून, "मला कळायला हवं होतं," असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

डॉक्टरकडून घरी येताना तिने बसमध्ये तोंडावर रुमाल धरला होता. शेजारच्या माणसाने मान वळवली की तिच्या अंगावर काटा यायचा. किती माना वळल्या असतील. ज्या ज्या मानेत तिने कट वाचला होता, ती मान नुसती श्वास चुकवत होती. पण हे समजलं तरी मन लगेच जागेवर येईना. म्हणे समज आली. समज आली पण संशय गेला नव्हता, तो पाहुण्यासारखा अजून बाहेरच्या खोलीत बसूनच होता, चपला शोधत.

सासूबाई गॅसपाशी होत्या. ती लांबूनच, रुमालाआडून म्हणाली, "आई, दुधात काय घालत होता तुम्ही?"

त्यांचा हात थांबला. "कळलं का गं तुला?" मग एकदम त्यांचा चेहरा असा झाला की ती मघापर्यंत ज्या बाईला घाबरत होती ती हीच का, असं तिला वाटलं. "बडीशेप कुटून घालत होते. दोन लवंगा. म्हटलं, पोटातून येत असेल वास. सुनेला तोंडावर कसं सांगायचं, अगं तुझ्या तोंडाला घाण येते म्हणून? आईने सांगितलं तर ती काळजी. सासूने सांगितलं की टोमणा. त्याला म्हटलं, तू सांग, तर तो म्हणे मी नाही. एवढा मोठा गडी, विहिरीत उतरतो, पण बायकोला दोन शब्द सांगायचे तर पाय लटपटले. तुझ्या दातांना काही झालं असेल, पोटाला असेल, रोज वाटायचं विचारावं. आणि तू तर ताईकडे निघालीस. मला काही कळेचना, माझ्या हातून झालं तरी काय."

तिला पुढे होऊन त्यांचा हात धरावासा वाटला, आणि तोंडाच्या आठवणीने ती जागीच राहिली. बडीशेप. हिरवट गाळ. सगळं जुळत होतं, नळ्यांच्या रांगेतल्या रंगांसारखं एकापुढे एक. आणि तरीही तिच्या आत कुठेतरी एक मान वाकून वास घेत होती: मग गाळून का दिलं? लगेच उत्तर आलं, दाताखाली येऊ नये म्हणून. लगेच पुढचा प्रश्न तयार. तिला आपल्या वडिलांची एवढी कणव याआधी कधी आली नव्हती. खलबत्ता ओट्यावर पालथा घातला होता, त्याच्या कडेने पाण्याचा एक ओघळ येत होता. ती त्या ओघळाकडे बघत म्हणाली, "तुमच्या हातून काही झालं नाही आई. माझ्याच नाकातोंडातून गेलं सगळं." नवरा संध्याकाळी आला, त्याने सगळं ऐकलं, आधी घाबरला, मग डॉक्टरांनी काय सांगितलं ते दोनदा विचारून घेतलं आणि मग त्याला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं हे तिला दिसलं. "मला वाटलं, तुला मी नकोसा झालो," तो म्हणाला. ताईला फोन करून नाही म्हणून कळवलं. घर पुन्हा मोठ्याने बोलू लागलं.

फक्त बिट्टी बोलत नव्हती. ती गॅलरीत तिच्या छोट्या खुर्चीत बसली होती, एक हात मुठीत. खाली रस्त्यावरचे दिवे लागत होते. ती जाऊन बिट्टीच्या जरा लांब, जमिनीवर टेकली, रुमाल तोंडाशी धरून. "बोट दुखतंय का गं?"

बिट्टीने मान हलवली. नाही.

"आई चुकली. आईच्या तोंडाला औषधाचा वास येत होता, आणि आईलाच कळलं नाही. वेडी आहे की नाही?"

"मला माहीत होतं," बिट्टी म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"वास. रोज यायचा. तू गोष्ट सांगताना."

"मग तू मला सांगितलं का नाहीस, राणी?"

बिट्टीने तिच्याकडे बघितलं. आठवून आठवून, शाळेत कविता म्हणतात तसं एकेक बोट उघडत ती म्हणाली, "आजी म्हणाली, आईला सांगायचं नाही, तिला वाईट वाटेल. बाबा म्हणाले, आजी मला काय म्हणाली ते आईला सांगायचं नाही. तू म्हणालीस, बोटाचं आजीला सांगायचं नाही, बाबांनासुद्धा नाही." शेवटचं बोट उघडायचं राहिलं. त्यावर सुईची जागा अजून दिसत होती. बिट्टीने ते तसंच मिटलेलं ठेवलं, आणि घरातून येणाऱ्या आवाजांकडे एकदा बघून, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून जपत तिने विचारलं,

"मग मी सांगायचं कुणाला?"